खंडेनवमीला पुजलेला कॉम्प्युटर

‘खंडेनवमी, सकाळ. हजर: अण्णा, आई, आत्या, दादा, मी. गैरहजर: कोणी नाही. पूजेला: तलवार एक, विळ्या दोन, शिवणयंत्र एक, टाइपरायटर सात, स्कूटर एक, कॉम्प्युटर एक (सुटा).’

माझ्या त्या वेळच्या वहीतली ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. वर्ष तेवढं त्यात नाही, कारण वर्ष मी नेहमी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहायची आणि तो पुठ्ठा नंतर कुणीतरी घडी करून हलणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवला. मी एकोणीस वर्षांची होते, एवढं पुरे. आमचं शहर हिंदी मुलखातलं. अण्णा पोस्टात सॉर्टिंगला होते. आई बिर्लानगरच्या मिल क्वार्टर्समध्ये वाढलेली, त्यामुळे घड्याळापेक्षा भोंग्यावर तिचा जास्त विश्वास, आणि मिल बंद पडून इतकी वर्षं झाली तरी तीन वाजले की ती एकदा कान टवकारायचीच. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. तो कंपिटिशनची, म्हणजे स्पर्धा परीक्षांची तयारी करत होता, आणि आपलं म्हणणं हिंदीत सांगितलं की ते जास्त खरं होतं अशी त्याची समजूत होती, अजूनही आहे. आणि आत्या. अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर चार वर्षांत तिचे यजमान गेले आणि ती एक पेटी आणि एक टाइपरायटर घेऊन आमच्याकडे आली. उरलेले सहा टाइपरायटर तिने नंतर एकेक करून जमवले.

आमच्या पुढच्या खोलीत आत्याचा टायपिंग क्लास होता. माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलं. सकाळी सातला पहिली बॅच बसायची आणि सात मशिनींची खडखड सुरू व्हायची. मध्येच ओळ संपल्याची घंटी, मग कॅरेज परत ढकलल्याचा सर्रकन आवाज, आणि या सगळ्याच्या वरून आत्याचा: ‘उंगली देखो मत, कागज़ देखो.’ आई तेवढ्यात आत पोळ्या लाटत असायची, आणि मला आजही वाटतं की तिचं लाटणं त्या खडखडीच्या तालावरच चालायचं. मी पाळण्यात असताना क्लासला सुट्टी असली की झोपत नसे, असं घरात सांगतात. खरं असेलही.

पण सगळ्या बॅचेस मिळून जिथे चाळीस मुलं असायची तिथे त्या वर्षापर्यंत तीन उरली होती. येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातूनच विचारायचा, ‘कंप्यूटर है क्या?’ आणि नाही म्हटलं की सरळ सिटी सेंटरला, जिथे काचेचं दार आणि एसी असलेले क्लास निघाले होते. आत्याने दोन वर्षं हे ऐकलं आणि एका रविवारी जेवताना जाहीर केलं की कॉम्प्युटर घ्यायचा. तयार नाही घ्यायचा, भाग आणून आपण जोडायचा. मी पॉलिटेक्निकमध्ये हार्डवेअरचा सहा महिन्यांचा कोर्स नुकताच केला होता, हे एक कारण. दुसरं कारण तिचं स्वतःचं होतं. ‘जे यंत्र मला उघडता येत नाही ते मी शिकवणार नाही,’ ती म्हणाली. टाइपरायटरचा एकूण एक स्क्रू तिने स्वतःच्या हाताने काढून बसवलेला होता, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

नई सडकवरच्या गुप्ताजींच्या दुकानातून आम्ही दोघींनी भाग आणले. गुप्ताजींनी प्रत्येक भाग तिथेच टेबलावर जोडून, चालवून दाखवला, परत काढला आणि बांधून दिला. आत्याने त्यांना दोनदा चालवायला लावलं. हे महत्त्वाचं आहे, पुढे लागेल. दसऱ्याला सकाळी जोडायचा आणि दुपारी चार वाजता दाखवायचा, असं ठरलं. दाखवायचा कुणाला, तर बिर्लानगरच्या पाच मुलींना. त्या आईच्या माहेरच्या गल्लीतल्या. त्यांनी सिटी सेंटरच्या क्लासचे फॉर्म आणून ठेवलेच होते. फक्त आईच्या शब्दाखातर आधी आमच्याकडे मशीन बघून मग ठरवणार होत्या. आत्याचा हिशेब सरळ होता. पाच आल्या तर क्लास चालेल, नाही आल्या तर दिवाळीला बंद.

आता खंडेनवमी. दक्षिणेतून फौजेबरोबर आलेल्या कुणा खापरपणजोबांची तलवार आमच्याकडे आहे. वर्षातून एकदा ती माळ्यावरून उतरते, तिला तेल लागतं, आणि घरात ज्याच्या ज्याच्या जिवावर पोट चालतं अशी प्रत्येक वस्तू तिच्या शेजारी पाटावर बसते. नवमीला पूजा झाली की त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही, दसऱ्याला उचलायच्या. पूजा नेहमी आई करायची. आत्या फुलं निवडून द्यायची, रांगोळी काढायची, नैवेद्य करायची, पण हळदकुंकवाच्या ताटाला हात लावत नसे. तिला कुणी तसं सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही. ‘तू लाव’ असंही कुणी म्हणालेलं ऐकलं नाही. त्या वर्षी आईने ताट उचललं आणि आत्याच्या हातात दिलं. ‘मशीन तुमचं, क्लास तुमचा. पूजा तुम्हीच करा, वन्सं.’

आत्या म्हणाली, ‘नको वहिनी.’

‘धरा. माझ्या हाताला पुरणाचं लागलंय,’ आई म्हणाली आणि आत निघून गेली. पुरण त्या दिवशी केलेलंच नव्हतं.

मी आदल्या रात्रीच पूजेचे नियम लिहून देवघराच्या दाराला लावले होते. कॉम्प्युटरच्या भागांना कुंकू नको, अक्षता नकोत, पाणी नको, फुलांच्या पाकळ्या नकोत, उदबत्ती तीन हात लांब. दादाने खाली हिंदीत लिहिलं होतं, ‘भगवान को भी अंदर आना मना है.’ आत्याने यादी चष्मा लावून दोनदा वाचली आणि मान डोलावली. मग मी टाइपरायटरना झेंडूच्या माळा बांधायला पुढच्या खोलीत गेले, आणि त्यामुळे पुढची दहा मिनिटं मी पाहिली नाहीत.

दसऱ्याला सकाळी आठला मी जोडायला बसले. आत्या समोर स्टुलावर, हातात माझी यादी. मी भाग मागायची, ती नाव वाचून द्यायची. प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा, मदरबोर्ड कॅबिनेटमध्ये, मेमरीची पट्टी म्हणजे रॅम तिच्या खाचेत, हार्ड डिस्क, फ्लॉपी, मग तारांचं जंजाळ. दादा अधूनमधून येऊन ‘ये वाली वायर उल्टी है’ असं सांगून जायचा आणि ती उलटी नसायची. स्वयंपाकघरातून चक्क्याचा आणि वेलचीचा वास येत होता, अण्णा बाहेरून कचोरी-जिलबी घेऊन आले होते आणि तेलकट हाताने कुणी काही धरू नये म्हणून मी सगळ्यांना दाराबाहेरच ठेवलं होतं. अकराला शेवटचा स्क्रू बसला. अण्णांनी नारळ फोडू का विचारलं. मी म्हटलं, आधी चालू होऊ दे.

आत्याने बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला. पडदा काळाच राहिला. आणि कॅबिनेटच्या आतून एक लांब आवाज आला. थांबला. परत लांब आवाज. थांबला. परत.

त्या आवाजाचं वर्णन करायचं तर, एखादी कंटाळलेली म्हैस खूप लांबून ओरडतेय, पण म्हैस धातूची आहे. आम्ही बंद केलं, चालू केलं. तेच. यानंतरचे दोन तास माझ्या वहीत दीड पान आहेत. प्लग, भिंतीवरचा बोर्ड, दुसऱ्या खोलीतला बोर्ड. मॉनिटरची वायर. हार्ड डिस्क काढून. फ्लॉपी काढून. सगळं काढून, फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि पंखा ठेवून. प्रत्येक ओळीपुढे एकच शब्द: ‘आवाज’. अण्णा दर पंधरा मिनिटांनी दारातून विचारायचे, ‘मंजू, तो काय म्हणतोय?’ जणू आत कुणी पाहुणे बसलेत.

‘म्हणत नाहीय अण्णा, ओरडतोय.’

‘पण कुणावर?’

दादाचा निकाल झाला होता. ‘टोपी पहना दी तुम लोगों को. सेकंडहँड माल आहे हे, मी लिहून देतो.’ आणि मी थांब म्हणेपर्यंत त्याने गुप्ताजींना फोन लावला. दसऱ्याचा दिवस, ते दुकानाची पूजा करून नुकतेच गादीवर बसले असणार. दादा म्हणाला, ‘भाईसाब, आपने खराब माल टिका दिया. त्योहार के दिन लड़कियाँ रो रही हैं यहाँ.’ कुणीही रडत नव्हतं. मी फोन काढून घेतला.

गुप्ताजी शांत होते. ‘बिटिया, परसों मैंने चला के दिया था कि नहीं? बहनजी ने दो बार चलवाया.’

‘दिया था, अंकल.’

‘तो फिर. आवाज कैसी है? लंबी कि छोटी?’

मी आईला हाक मारली. आवाजाच्या बाबतीत घरात तिचा कान सगळ्यात पक्का. तिने पीठ लागलेले हात वर धरून, डोळे मिटून तीन वेळा ऐकलं. ‘लांब. मध्ये दम घेतोय. पहिल्या पाळीच्या भोंग्यासारखा, फक्त आवाज बसलेला.’ मी ते जमेल तसं हिंदीत सांगितलं.

‘रॅम है,’ गुप्ताजी म्हणाले. ‘निकाल के फिर लगाओ. दोनों तरफ खट् बोलना चाहिए.’

तीनदा काढली, तीनदा लावली. खट् दोन्ही बाजूंनी बोललं. म्हैस तशीच. पट्टी मी हातात घेऊन उजेडात बघितलीही. हिरवी पट्टी, काळे चौकोन, खालच्या कडेला सोनेरी पत्र्यांची ओळ, सगळं स्वच्छ. गुप्ताजी म्हणाले, बदलून देईन, पण आता दुकान बंद करून घरी निघालोय, उद्या या. उद्याचा उपयोग नव्हता. दीड वाजला होता.

अडलं की मी यादी करते. तेव्हाही केली, आताही करते. परवा गीझर बंद पडला तर मुलगी म्हणाली, आई, आधी इलेक्ट्रिशियनला फोन कर, मग निबंध लिही. मी वहीत लिहिलं: ‘दुकानात चालला. घरी चालत नाही. मध्ये काय झालं?’ खाली: रिक्षा. कापडी पिशवी. कपाटात एक रात्र. पूजा. पूजेवर मी काट मारली, कारण पूजेचे नियम मीच केले होते आणि आपल्या नियमांवर माझा फार भरवसा. रिक्षात धक्का बसला असेल का हे विचारायला मी आत्याला शोधत स्वयंपाकघरात गेले.

ती पाटावर बसून श्रीखंडासाठी जायफळ उगाळत होती. माझ्याकडे पाठ होती. आईला म्हणत होती, ‘मी हात लावायला नको होता, वहिनी. मला माहीत होतं.’

‘काहीतरीच काय बोलता वन्सं.’

‘काहीतरीच कसं? एवढी वर्षं नाही लावला. एकदा लावला आणि बघा.’

सांगायला पाहिजे की त्या क्षणी मला तिची दया आली नाही. मला राग आला, कारण अडीच तास मी तारा तपासत होते आणि इथे भलताच खुलासा चालला होता. मी वही उघडली आणि विचारलं, ‘कुठे लावलास हात?’

‘मंजू, थट्टा नको करू.’

‘थट्टा नाही. लिहून घेतेय. कोणत्या वस्तूला, कुठे, कशाने.’

आत्याने जायफळ खाली ठेवलं. तीही शेवटी क्लास चालवणारी बाई. नीट प्रश्न विचारला की नीट उत्तर द्यायची तिची सवय. ‘कॅबिनेटच्या खोक्याला. मॉनिटरच्या खोक्याला. कीबोर्डच्या खोक्याला. सगळे खोक्यात होते, वरूनच लावलं. फक्त ती पट्टी. तिला खोकंच नव्हतं, नुसती पिशवी. पिशवीची काय पूजा करायची? म्हणून बाहेर काढली.’

‘आणि?’

‘बोटभर हळद. कुंकू नाही, अक्षता नाहीत, तू सांगितलं होतंस तसं. ओली हळद, म्हणजे उडणार पण नाही.’

‘पट्टीवर कुठे?’

‘खाली ते सोन्याचे दात आहेत ना. दसरा, सोन्याचा मान. तिथेच लावली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तुझा धाक वाटला म्हणून पदराने पुसून घेतली.’

माझ्या यादीत हळद नव्हती. कुंकू होतं, अक्षता होत्या, पाणी, पाकळ्या, उदबत्ती, सगळं होतं. हळद मी विसरले होते. मी पट्टी काढून आणली आणि खिडकीशी तिरकी धरली. सरळ धरली तर काही दिसत नव्हतं, सोन्यावर पिवळं काय दिसणार. तिरकी धरली तेव्हा पत्र्यांच्या ओळीवर एक वाळलेला पापुद्रा दिसला, आणि त्यात बोटाच्या रेषा.

‘खोडरबर,’ मी म्हटलं. अण्णा धावत टायपिंगचा रबर घेऊन आले. आत्या म्हणाली, ‘तो नको, खरखरीत असतो, सोनं खरवडेल. पेन्सिलचा आण.’ तिनेच पट्टी घेतली आणि एकेक पत्रा घासला, टाइपरायटरची अक्षरं घासायची तसा, एका दिशेने. दोन्ही बाजू. रबराचा चुरा पिवळा झाला. मी पट्टी लावली, खट्, खट्, आणि बटण दाबलं. एक बारीकशी टिक आली आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावायला लागले, मेमरी मोजणारे. दादा ओरडला, ‘चल गया बे.’ अण्णा नारळ शोधायला धावले. आईने प्रत्येकाच्या तोंडात साखर घातली, माझ्या दोनदा.

आत्या हसली नाही. पडद्याकडे बघत म्हणाली, ‘म्हणजे माझ्याच हाताने बंद पडलं होतं.’

‘हळदीने बंद पडलं होतं, आत्या.’

‘हळद कुणाच्या हातची?’

मी वीज, रोध, धातू, सगळं समजावलं. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला दिसत होतं की काही उपयोग नाही. ती म्हणाली, मुली आल्या की मंजूच दाखवेल, मी आत थांबते. आजच काय, यानंतर कधीच पुढच्या खोलीत बसायचं नाही असं तिने मनात धरलं होतं. अडीच वाजून गेले होते.

तेव्हा आई आत गेली आणि हळदीची वाटी घेऊन आली. ‘मंजू, ती पट्टी परत काढ.’

‘आई, तू पण ना,’ दादा म्हणाला. ‘चालू मशीन को क्यों छेड़ना?’

‘तू गप्प. वन्सं, इकडे बघा. मी सवाशीण ना? कपाळावर कुंकू, हातात बांगड्या, तुमचे भाऊ समोर नारळ घेऊन उभे. आता माझ्या हातची हळद लावते. माझ्यासाठी चालतं का बघू.’

माझी इच्छा नव्हती. चालू झालेली वस्तू मुद्दाम बिघडवायची, तीही चार वाजायला सव्वा तास असताना, हे माझ्या स्वभावात नाही. पण कोर्समध्ये सरांनी एक गोष्ट शिकवली होती की बिघाड सापडला असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा तो आपल्याला परत करून दाखवता येतो. मी मशीन बंद केलं, प्लग काढला, पट्टी आईला दिली. आईने हात सैल सोडून, चांगली घसघशीत, लग्नात लावतात तशी हळद लावली. पंख्याखाली पाऊण तास वाळवली. त्या वेळात आम्ही जेवून घेतलं. श्रीखंड-पुरी कुणाला गोड लागलं असेल तर अण्णांना. मग पट्टी खाचेत, बटण.

लांब आवाज. थांबला. परत लांब आवाज.

‘तोच,’ आई डोळे मिटून म्हणाली. ‘पहिली पाळी.’ बंद पडलेल्या यंत्रावर इतकं खूश झालेलं माणूस मी तोपर्यंत पाहिलं नव्हतं, आणि दुरुस्तीच्या धंद्यात एवढी वर्षं काढूनही नंतर पाहिलं नाही. अण्णांनी बोट वाटीत बुडवलं आणि म्हणाले, ‘थांबा, मी राहिलो. ब्रह्मदेव आला तरी बंद पडतंय का बघू या.’ आत्या म्हणाली, ‘अण्णा, पुरे रे,’ आणि हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले, आणि मला वाटतं, दोन्ही कामं खरी होती.

पण आता खरी पंचाईत झाली. पट्टी परत घासली, लावली, आणि म्हैस ओरडतच राहिली. पुन्हा घासली. तेच. आईची घसघशीत हळद वाळून खाचेत उतरली होती. मी खाचेत फुंकर मारली, उपयोग नाही. कापूस आत जात नव्हता. आणि चाराला दहा कमी असताना जिन्यावर चपला वाजल्या. पाचही मुली एकदम, हातात शमीची पानं, मागे कुणाची तरी धाकटी भावंडं. दारात उभ्या राहून त्या उघड्या कॅबिनेटकडे आणि जमिनीवरच्या पिवळ्या चुऱ्याकडे बघायला लागल्या. दादा माझ्या कानाशी म्हणाला, ‘बोल दे लाइट का प्रॉब्लेम है.’

मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्या पुढच्या खोलीतल्या टेबलाशी गेली. खणातून तिने तिचा ब्रश काढला, टाइपरायटरच्या अक्षरांतली शाई साफ करायचा, दात घासायच्या ब्रशापेक्षा बारीक आणि मऊ. आली, स्टूल ओढलं, चष्मा चढवला आणि खाचेत तो ब्रश एका टोकापासून चालवायला लागली. हाताला घाई नव्हती. मुली जवळ सरकल्या. त्यांच्यातली सगळ्यात उंच होती तिने विचारलं, ‘आंटी, ये खराब है क्या?’

‘खराब नहीं है,’ आत्या मान वर न करता म्हणाली. ‘हमने पूजा में इसको हल्दी लगा दी. पहले मैंने लगाई, फिर भाभी ने. हल्दी से करंट नहीं जाता. तुम लोग मत लगाना. टॉर्च पकड़ो ज़रा, इधर.’

त्या मुलीने टॉर्च धरला. दुसरीने पिवळी धूळ उचलायला कागद धरला. आत्याने पट्टी तिसरीच्या हातात दिली, कुठे धरायची आणि कुठे बोट लावायचं नाही ते सांगितलं, आणि तिच्याकडूनच ती खाचेत बसवून घेतली. खट्, खट्. बटण आत्याने दाबलं. टिक आली. आकडे धावले. मी फ्लॉपी घातली आणि पडद्यावर टायपिंगचा पहिला धडा उघडला, ए-एस-डी-एफ, टाइपरायटरवर असतो तोच. आत्या तो बघून म्हणाली, ‘हात्तिच्या.’ चार वाजून वीस मिनिटं झाली होती. नारळ फुटला. पाचांपैकी चौघींनी नावं दिली. पाचवीला एसी हवा होता आणि ते तिने स्पष्ट सांगितलं. वहीत त्या दिवशीची शेवटची ओळ आहे: ‘पूजेच्या यादीत हळद घालणे.’ पुढे बरोबरची खूण आहे.

ते मशीन सहा वर्षं चाललं, क्लास त्याच्यापेक्षा जास्त. पुढच्या खंडेनवमीला ताट पुन्हा आत्याच्या हातात गेलं, या वेळी काही न बोलता. आता आत्या पंचाहत्तरीच्या पुढे आहे. मी सिटी सेंटरला राहते, तिथल्या एका ऑफिसची सगळी यंत्रं माझ्याकडे आहेत, आणि दर दसऱ्याला तिथली पोरं मला विचारतात की मॅडम, सर्वर को टीका लगाएँ? मी म्हणते, दरवाज़े को लगाओ. फोनवर हे सांगितलं की आत्या खूश होते.

हे सगळं आत्ता लिहायला बसले त्याचं कारण वेगळं आहे. आमच्या मराठी मंडळाच्या याद्या गेली काही वर्षं माझ्याकडे आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी मला आयती मिळाली होती आणि मी ती तशीच वापरत होते. त्यात आई होती, आत्या नव्हती. एकाच घरात जाणारं आमंत्रण, एक नाव वगळून, आणि ते टाइप करणारी मी. हे माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली, हे यादी करणाऱ्या बाईने कबूल करायला हवं. यंदा मी कमिटीला सांगितलं की यादीत सगळ्या बायका असतील. कमिटीतल्या बायका म्हणाल्या, आमची हरकत नाही, पण ज्यांना कधी बोलावलं नाही त्या येतील का? प्रश्न बरोबर होता. नुसतं नाव छापून कुणी येत नसतं. म्हणून मी मंडळातली अशी वगळलेली नावं काढली. सतरा निघाली. घरोघर जाऊन, समोर बसून, चहा पिऊन विचारायचं ठरवलं. नऊ झाल्या. सहाजणी येते म्हणाल्या, तिघी म्हणाल्या, ‘आता या वयात कशाला?’ त्या तिघींकडे परत जाताना आत्या बरोबर येणार आहे, तिने साडीही काढून ठेवली आहे. उरलेल्या आठ घरांत अजून जायचं राहिलं आहे.